हाताने घडवलेल्या तलवारी घरात आहेत आणि पोलिसांनी बोलावलंय

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रोडला आईवडिलांसोबत राहतो. फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे. गेली सहा वर्षं पगारातून पैसे बाजूला काढून कारागिरांकडून शिवकालीन शस्त्रांच्या प्रतिकृती करून घेतोय. धोप (लांब, सरळ तलवार), खंडा (रुंद, सरळ तलवार), दोन वक्र तलवारी, कट्यार, दांडपट्टा, ढाल आणि कड्यांचं चिलखत एवढं जमलंय. धार फक्त धोपेला आहे, बाकी सगळं बोथट. शिवाय आजोळहून आलेली एक जुनी तलवार आहे. खंडेनवमीच्या पूजेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि कुणीतरी तक्रार केली. दोन पोलीस घरी येऊन पाहून गेले आणि 'सोमवारी सगळं घेऊन स्टेशनला या' असं तोंडी सांगितलं. सेक्रेटरी म्हणतात, ताबडतोब घरातून हलवा. डोंबिवलीचा मित्र ठेवून घ्यायला तयार आहे. वडिलांवर काही येईल का? पाडव्याच्या स्वागतयात्रेत हे घेऊन चालायचं ठरवलं होतं. एक फिरंगही (युरोपीय धाटणीच्या पात्याची तलवार) तयार आहे, कुरिअरने निघायची आहे. काय करू?

उत्तर: आधी सोमवारचं बोलू, कारण घाईत चूक तिथेच होईल. तलवारी पोत्यात भरून रिक्षाने पोलीस स्टेशनला नेऊ नका. पोलिसांनीच बोलावलं होतं, हे तोंडी निरोपावर तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37(1) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. सणासुदीला, निवडणुकांना असे आदेश निघत असतात. आदेश लागू असताना तलवार, भाला, सुरा, काठी, इतकंच काय शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगली, तर कलम 135 खाली गुन्हा होतो. तिथे धार आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. बोथट खंड्यानेही डोकं फुटतं.

म्हणून सोमवारी रिकाम्या हाताने, फक्त कागद घेऊन जा. वस्तू पाहायच्या असतील तर घरी पंचनामा करा, किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली वस्तू हजर करण्याची लेखी नोटीस द्या, असा साधा अर्ज द्या. लेखी नोटीस मिळाली तर वस्तू खोक्यात बांधून, नोटिशीची प्रत सोबत ठेवून नेता येतील. हा अर्ज देणं म्हणजे असहकार नव्हे, आणि अर्जातली भाषाही तशीच नम्र असू द्या.

मित्राकडे मात्र काहीही पाठवू नका. डोंबिवलीही ठाणे पोलीस आयुक्तालयातच येते, त्यामुळे वाटेत तोच मनाई आदेश आडवा येईल. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की पोलिसांनी पाहिलेली वस्तू आता हलवली, तर पुरावा नाहीसा केल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 चा, आरोप तुम्ही स्वतःहून ओढवून घ्याल आणि भल्या मनाने मदत करणारा मित्रही त्यात सापडेल. धोपेची धार घासून बोथट करण्याचा विचार मनात आला असेल, तर तोही सोडा.

आता मूळ मुद्दा. 'प्रतिकृती' हा शब्द तुमच्या बिलांवर आहे, पण शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये त्या शब्दाला कसलीही सूट नाही. त्या कायद्याच्या कलम 2 मधल्या व्याख्येतून दोनच गोष्टी बाहेर पडतात. एक, केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामाची वस्तू. दुसरी, जी खेळण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाची नाही आणि जिचं वापरण्याजोगं शस्त्रही करता येणार नाही अशी वस्तू. दुसऱ्या भागाचा शेवट नीट वाचा. कमानपाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगच्या) पोलादाचं, पाणी दिलेलं, मुठीत शेवटपर्यंत गेलेलं पातं आज बोथट असलं तरी ग्राइंडरवर त्याला धार यायला किती वेळ लागेल? तपास अधिकारी कारागिराला नेमकं हेच विचारेल. ज्या अस्सल घडणीसाठी तुम्ही सहा वर्षं पैसे मोजले, तीच इथे तुमच्या विरोधात जाते. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण खोटा दिलासा देऊन उपयोग नाही. ॲल्युमिनियमची, लाकडाची किंवा फायबरची नाटकातली तलवार असती, तर मी वेगळं लिहिलं असतं.

शस्त्र नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांची नावं थेट आहेत. शिवाय 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची इतर शस्त्रंही त्यात येतात. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. कट्यार लहान म्हणून ती सुटेल असं लोकांना वाटतं, पण तिचं पातं मुठीपाशी बरेचदा 2 इंचांहून रुंद भरतं. तुमची आजच मोजा. ढाल आणि चिलखत मात्र या यादीत नाहीत. पंचनाम्यात ती 'शस्त्र' म्हणून लिहिली जात असतील, तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा.

तुमच्या बाजूचा भक्कम मुद्दाही आहे. बंदुकीला परवाना देशभर लागतो. तलवारीचं तसं नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 4 प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढून ज्या भागात, ज्या प्रकारच्या शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला असेल, तिथेच विनापरवाना बाळगणं गुन्हा ठरतं. म्हणजे खटला उभा राहिला, तर ठाण्याला लागू असलेली अधिसूचना दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. आरोपपत्र हाती आल्यावर तुमच्या वकिलाने पहिल्यांदा तीच शोधावी. मात्र हा मुद्दा कोर्टासाठी राखून ठेवा. दारात आलेल्या हवालदाराशी त्यावर वाद घालू नका.

दांडपट्ट्याबद्दल पोलिसांना 'हे तर राज्यशस्त्र आहे' असं सांगावं, असं तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला तो मान दिला, आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण त्या मानाने शस्त्र अधिनियमातून सूट मिळत नाही.

आजोळच्या तलवारीची गोष्ट वेगळी. ती बाकीच्यांपासून बाजूला ठेवा. तिचं वय 100 वर्षांहून जास्त असेल, तर ती पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, 1972 खाली येऊ शकते. मग ती देशाबाहेर पाठवता येणार नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे असं तुम्ही वाचलं असेल. ते कलम पूर्ण वाचा. त्यात 'बंदूक म्हणून वापरता न येणारं' अशी अट आहे, त्यामुळे तलवारीसाठी त्याचा आधार वादाचा ठरतो. मामांकडून तिच्याबद्दल जे माहीत असेल ते सहीनिशी लिहून घ्या. वाड्यातला एखादा जुना फोटो मिळाला तर फारच चांगलं.

वडिलांची काळजी थोडी हलकी करतो. नुसतं छप्पर त्यांच्या नावावर आहे म्हणून ताबा त्यांचा ठरत नाही. शस्त्र कायद्यात ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. वस्तू तुमच्या खोलीत आहेत, बिलं आणि पैसे भरल्याच्या नोंदी तुमच्या नावावर आहेत. जबाबात हे स्पष्ट येऊ द्या आणि 'आमच्या घरातल्या तलवारी' असं सैल बोलू नका. सेक्रेटरींना मात्र तुमच्या फ्लॅटमधली वस्तू हलवण्याचा हुकूम देता येत नाही. तक्रार करण्याचा हक्क त्यांना आहे, आणि तो त्यांनी वापरला असेल तर वैर धरू नका.

पुढे संग्रह ठेवायचाच असेल, तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज करणं हा सरळ रस्ता. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. मात्र चौकशी सुरू असताना केलेला अर्ज कबुलीसारखा वाचला जाऊ शकतो, तेव्हा त्याचा मजकूर वकिलाकडून तपासून घ्या. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. शस्त्र अधिनियमाच्या कलम 18 खाली अपील करता येतं. कारागिराला आजच कळवा की फिरंग त्याच्याकडेच राहू दे. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबादला कुरिअरच्या पार्सलांमधून तलवारी पकडल्या गेल्या. पार्सल उघडलं गेलं, तर त्यावरच्या पत्त्याच्या माणसाला आधी चौकशीला तोंड द्यावं लागतं. पाडव्याला कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेत लाकडी तलवारही आयोजकांमार्फत पोलिसांची लेखी परवानगी असेल तरच घ्या. चिलखत आणि ढाल जरूर मिरवा.

जप्ती झालीच तर पंचनाम्यावर तुमचं बारीक लक्ष हवं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. प्रत्येक पात्याची लांबी, रुंदी, मुठीवरचं काम, असलेला ओरखडा, आणि 'धार नाही' हे शब्द त्यात आलेच पाहिजेत. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही करू नका. माझ्या एका अशिलाच्या तलवारी मुद्देमालाच्या खोलीत चार पावसाळे राहिल्या आणि निर्दोष सुटल्यावर हातात गंज आला, कारण परत मिळण्यासाठी वेळेत अर्जच केला नव्हता. तुम्ही त्याच संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लगेच अर्ज करा. मुद्देमाल विनाकारण अडकवून ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात बजावलं आहे. सुपूर्दनाम्यावर (मागाल तेव्हा वस्तू हजर करू, अशा लेखी हमीवर) निदान ढाल, चिलखत आणि आजोळची तलवार तरी लवकर मागता येईल.

सोमवारी जाताना बिलांच्या प्रती, प्रत्येक वस्तूचा मोजपट्टीसह फोटो आणि वर सांगितलेला अर्ज न्या. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय तिथून निघू नका. गुन्हा दाखल झाल्याचं तिथे कळलं आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस मिळाली, तर ठरल्या तारखेला न चुकता जा. नोटीस न देता अटकेची भाषा सुरू झाली, तर त्याच दिवशी ठाणे सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा लागेल. त्यासाठी वकीलपत्रावर शनिवारीच सही करून ठेवा.