तबकडी पंचेचाळीसची, फेरे तेहेतीसचे

परभणी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कशासाठी ते पुढं सांगतो.

पैसे साठवून तू जर्मनीहून डीप टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या एकसारख्या ठोक्याच्या संगीताचा, अल्बम मागवलास, दोन तबकड्यांचा. सात जणांना खोलीवर बोलावलंस आणि प्रत्येकानं वेगळंच ऐकलं. वाळूजला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांपाशी, असलेला तुझा मामेभाऊ म्हणाला, "दिवसभर हेच ऐकतो की, सुट्टीच्या दिवशी पुन्हा कामून ऐकायचं?" आणि चप्पल घालून निघाला. दोन मैत्रिणींना पहिली तबकडी कोरडी वाटली, पण दुसरीला त्यांनी दिवा मालवायला लावला, इतकी ती खोल वाटली. तबला शिकलेल्या पोराचं उलट. पहिलीवर खूश, दुसरीला जांभया. बाकीचे मोबाइलमध्ये. आता तू विचारतेस, यात बरोबर कोण आणि या अल्बमवरच्या लेखात लिहू तरी काय.

मामेभावाला तू "कान नाही" असं लिहिलंस, ते मला आवडलं नाही. टेक्नो १९८०च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटला घडलं, मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात. ते घडवणारे हुआन अ‍ॅटकिन्स आणि त्याचे शाळासोबती त्या परिसरातली पोरं. त्या गावच्या संगीतात वाळूजच्या कामगाराला प्रेस ऐकू आली, तर सातांमध्ये मुळाच्या सगळ्यात जवळ तोच पोचला म्हणायचं. त्याला ते नको आहे, एवढंच. नावडणं आणि न कळणं यांची गल्लत करून लिहिलंस की वाचणारा तुझ्यावरच रुसतो.

"तेच तेच वाजतंय" हे दुसऱ्या कुणाचं तरी वाक्यही तू टिंगल करून टाकलंस. अगं, तेच तेच वाजतं हे खरंच आहे. बर्लिनला १९९३च्या सुमारास मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस या दोघांनी जमैकाच्या डब संगीतातला प्रतिध्वनी टेक्नोत मुरवला, तिथून या खोल चालीला मोठं वळण लागलं. एक स्वरगुच्छ वाजतो, मग त्याची सावली लांबत जाते, खाली ठोका हलत नाही. गंमत असते ती सावलीत. एकादशीच्या रात्री ज्ञानोबा-तुकारामाचा गजर पलीकडच्या गल्लीतून ऐकणाऱ्यालाही तेच तेच वाटतं. टाळ हातात असलेल्याला विचार. माणूस कुठं बसून ऐकत होता हे मताच्या आधी लिही.

आता पेन्सिलीचं. तू लिहितेस, "दुसऱ्या तबकडीवरचा पहिला तुकडा साडेनऊ मिनिटं चालला, संपता संपेना." आणि पाकिटावरच्या मजकुराचा जो फोटो पाठवलास, त्यात त्याच तुकड्यापुढं ७ मिनिटं छापलंय. तबकड्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या असतात नाहीतर ४५ च्या, म्हणून सातला पंचेचाळिसानं गुणलं, ३३⅓ नं भागलं. उत्तर आलं ९ मिनिटं २७ सेकंद. पोरी, पहिली तबकडी ३३ ची होती आणि दुसरी ४५ ची. तू तबकडी बदललीस, वेग बदललाच नाहीस!

लाजू नकोस. भोंगे आणि रेकॉर्डींची पेटी घेऊन मी लग्नं वाजवत फिरायचो, तेव्हा सेलूकडच्या एका मांडवात मी हेच केलं होतं. गायिकेचा गायक झाला आणि नवरीचा मामा धावत आला. तुझ्या संगीतात गळाच नाही, मग धावत कोण येणार? मिनिटाला १२६ ठोक्यांचं संगीत असेल तर ते ९३ वर आलं, आणि षड्ज घसरून मंद्र पंचमाच्याही किंचित खाली बसला. जांभया देणारा खोटं बोलत नव्हता. दिवा मालवणाऱ्या दोघीही नव्हत्या. त्यांना जे आवडलं ते कलाकारानं केलेलं नव्हतं, पण त्यांच्या अंगावर आलेला काटा खरा होता. हे तू लपवलंस तर तुझ्या लेखातली सगळ्यात चांगली गोष्ट गेली म्हणून समज.

तबल्यावाल्याची आणखी एक तक्रार तू कंसात टाकून दिलीस, की बाजू संपत आली तशी झांज घोगरी झाली. त्याचे कान तयार आहेत. तबकडीचे फेरे तेवढेच राहतात, पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलापाशी जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत बारीक आवाज दाटीनं बसवावे लागतात, आणि आधी झांजच मरते. हा दोष माध्यमाचा. कलाकाराच्या नावावर टाकू नकोस.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. तू पाठवलेल्या लिंकवर ऐकलं, चांगल्या हेडफोनवर. पहिली बाजू फार आवडली. शेवटचा तुकडा मात्र नुसता लांबवलाय, आणि ४५ वर लावलास तरी तो लांबवलेलाच आहे. डीप म्हटलं की काहीही खपतं, असं या लोकांना अधूनमधून वाटतं. हे मत माझं आहे, तुझ्या लेखात उसनं घेऊ नकोस.

त्या सगळ्यांना पुन्हा बोलाव. दुसरी तबकडी नीट वेगावर लाव, आधी काही सांगू नकोस. दोघींना आता ती आवडली नाही तर तसं लिही. मामेभाऊ येणार नाही, त्याला ओढू नकोस.

मग सुट्टीत इकडं ये, माझ्या प्लेअरवरही लावून बघू. येताना तबकड्या उभ्या धरून मांडीवर घे. एसटीच्या वरच्या रॅकवर आडव्या टाकू नकोस. मे महिन्यात जालन्याच्या पुढं तो पत्रा असा तापतो की परभणीला पोचेपर्यंत त्यांचे पापड होतील.

तुझा
काका