सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या नाकाचा (पुढच्या चाकाचा) शॉक खाली बसलाय. पूर्ण बदलावा लागेल का? मागच्या दोन्ही चाकांचेही बदलायचे का?

मागच्या चाकांना शॉक अॅब्झॉर्बर नाहीतच. तिथे पोलादी पायच स्प्रिंगसारखे वाकतात. शॉक आहे तो फक्त पुढच्या चाकाला, आणि त्यात वर हवा किंवा नायट्रोजन, खाली लाल हायड्रॉलिक तेल.

खाली बसला म्हणजे बहुतेक वेळा आतले ओ-रिंग (गोल रबरी कडी) आणि सील थकलेत. दांड्यावर लाल ओघळ दिसतोय का बघा. चकचकीत क्रोमवर ओरखडा किंवा गंज नसेल, तर काम सील बदलण्यावरच भागतं. ओरखडा असताना नुसते सील घातले, तर ते पुन्हा फाटणार.

विमानाचं नाक उचलायला शेपटीच्या बांधायच्या कडीला वजन लावतात. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो: आधी वरच्या व्हॉल्व्हमधून सगळा दाब सोडा, मगच टॉर्क लिंकला, म्हणजे शॉकचा वरचा आणि खालचा भाग जोडणाऱ्या कात्रीसारख्या जोडणीला, हात लावा. नाहीतर खालचा दांडा सुटून गोळीसारखा येतो.

परत जोडल्यावर शॉक पूर्ण दाबून व्हॉल्व्हच्या भोकापर्यंत तेल भरायचं, मग नाक वर असतानाच हवा. १७२ ला साधारण ४५ पीएसआय, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा धरा.

नाक थरथरत असेल तर तो वेगळा आजार. शिमी डॅम्पर, म्हणजे पुढच्या चाकाची थरथर दाबणारा भाग, बघा. आणि शॉक उघडायचं काम परवानाधारक इंजिनिअरकडूनच करून घ्या, लॉगबुकात सही त्याचीच लागते.