पहिल्या तासाला बास्केट विसरा, चाक शिकवा

शाळेत व्हीलचेअर बास्केटबॉल सुरू करताय, तर दवाखान्यातल्या खुर्च्या आणू नका. त्यांचे हात टेकायचे दांडे कोपराला अडतात, पाय ठेवायच्या पट्ट्या समोरच्याच्या नडगीला लागतात आणि जोरात ढकललं की खुर्ची मागे उलटते. खेळाच्या खुर्चीची चाकं खाली बाहेर फाकलेली असतात, मागे उलटू न देणारं छोटं चाक असतं. आठ खुर्च्या मिळाल्या तरी पुरे, मुलं आळीपाळीने बसतील. बसण्याआधी टायरमधली हवा आणि पट्टे तपासा. अंगठ्या, बांगड्या काढायला लावा, कारण दोन चाकं घासली की बोटं चिरडतात.

पहिली पंधरा मिनिटं चेंडू नको. ढकलणं, थांबणं, जागच्या जागी वळणं एवढंच. मग जमिनीवरचा चेंडू उचलणं: वाकून झडप घालायची नाही, चालत्या चाकाला चेंडू दाबून धरायचा, चाकच तो मांडीपर्यंत आणतं. हे जमलं की मुलांचे चेहरे बघा!

नियम दोनच सांगा. चेंडू घेऊन चाकं दोनदा ढकलली की चेंडूचा टप्पा, पास किंवा शॉट. आणि सीटवरून उठायचं नाही. बास्केट ३.०५ मीटर उंचीवरच असते, म्हणून नवख्यांना दोन मीटर अंतरावरून, पाच नंबरच्या लहान चेंडूने नेम धरू द्या.

वर्गात खुर्ची वापरणारं मूल असेल, तर आधी त्याला विचारा. तयार असेल तर वळणं त्यालाच शिकवू द्या. त्याच्या खुर्चीला न विचारता कुणी हात लावायचा नाही. ‘बिचारे’ हा शब्द मैदानावर चालू देऊ नका.