मळ्यातला दगडी वाडा दुरुस्त करताय?

वाडा पाडायचा नाही असं ठरवलंत, बरं केलंत. आता गवंडी आल्याआल्या "सांधे सिमेंटने भरून टाकू" म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आपल्याकडच्या जुन्या भिंती बहुधा दुपदरी असतात: आतून-बाहेरून काळा दगड, मध्ये माती नि चिपांची भर. मुरलेलं पाणी चुन्याच्या, मातीच्या सांध्यातून सुकून जातं. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आत कोंडते, भर फुगते आणि भिंतीला पोट येतं. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून पाहा, लगेच कळेल. कळीचा (न विझवलेला) चुना आणा, विझवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या. गूळ-हिरड्याचं पाणी घालणारा जुना कारागीर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळतंय म्हणून नुसती पांढरी माती टाकत जाऊ नका. थरावर थर चढून तुळया वाकतात. आधी जुनी माती खरवडून उतरवा, पन्हाळीकडे उतार द्या, मगच नवी पसरा. हे सगळं मृगाच्या आत.

गोठ्याची फरशी, गव्हाणी खुशाल बदला, त्यात जपण्यासारखं फारसं नसतं (सागवानी खांब तेवढे विकू नका, भंगारवाला गोड बोलतो).

अंगणात पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा) निघालं तर मात्र उत्साहाने आत उतरू नका. बंद पेवात विषारी हवा साचते, माणसं गुदमरून गेली आहेत. कंदील सोडून पाहण्यावर विसंबू नका. हवा तपासणारं यंत्र असलेला जाणकार येईपर्यंत पेवाच्या तोंडाभोवती काटेरी फांद्या टाका, पोरं फिरकतात.