पलंग सोबत आहे म्हणून कुठेही झोपू नकोस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा सांवेर रोडच्या वर्कशॉपमधून तू केबिनचे फोटो पाठवलेस ते मी सकाळी बघितले, दुपारी काकांना दाखवले आणि रात्री चष्मा लावून परत मोठे करकरून बघितले. पिकअपच्या हौद्यावर पलंग, ओटा, पाण्याची टाकी, वर सोलर, सगळं तू आणि तुझ्या मैत्रिणीने समोर उभं राहून करून घेतलंत, मला खरंच खूप कौतुक वाटलं गं. आमच्या वेळी लोकमान्यनगरातली मुलगी स्कूटरवर एकटी उज्जैनला गेली तरी चार घरांत चर्चा व्हायची. पण फोटोंच्या खाली तू जो लडाखचा प्लॅन टाकलास नं, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, मनाली, आणि मनालीहून निघून त्याच दिवशी सर्चूला मुक्काम, तो वाचून माझी झोप उडाली. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणशील आणि फोन ठेवला की परत पाने-पकडींच्या मागे लागशील, लिहिलेलं मात्र गाडीत ठेवता येईल.

2018 ला आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा रोहतांग चढून जावं लागायचं. 3978 मीटरची खिंड, चिखल, ट्रॅफिक, अख्खा दिवस त्यातच गेला आणि संध्याकाळी थकून केलाँगला थांबलो, पुढे जायची ताकदच नव्हती. तेव्हा राग आला होता, पण त्या उशिरानेच आम्हाला सांभाळलं हे नंतर कळलं. मग 2020 च्या ऑक्टोबरमध्ये अटल टनेल सुरू झालं, 9.02 किलोमीटरचं, दहा-पंधरा मिनिटांत तू पीर पंजालच्या पलीकडे लाहौलमध्ये. 2022 ला आम्ही परत गेलो, गाडी मस्त चालत होती, टांडी, केलाँग, जिस्पा भराभर मागे पडलं, बारालाचा खिंडही ओलांडली आणि दुपारी चारला सर्चू. काय जागा आहे म्हणून सांगू, लांबच लांब सपाट मैदान, खाली नदी, चारी बाजूंना बोडके रंगीत डोंगर. काका म्हणाले इथेच थांबू, आणि मीही म्हटलं थांबू, पलंग तर सोबतच आहे.

मनाली 2050 मीटर आणि सर्चू 4290. एका दिवसात झोपायची जागा सव्वादोन किलोमीटर वर गेली होती आणि आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही.

रात्री दहाला त्यांचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. एक वाजता ते खाली उतरले आणि गाडीला धरूनसुद्धा त्यांना सरळ चालता येईना, मी नाव विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागत होता. मी स्टिअरिंगवर बसले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की जायचं कुठे. सर्चू म्हणजे वाडग्याच्या तळासारखं आहे. मागे जायचं तर बारालाचा, जवळजवळ 4900 मीटर, पुढे जायचं तर गाटा लूप्सची 21 वळणं, नकी ला आणि मग लाचुंग ला (तिकडे ला म्हणजे खिंड), 5000 च्याही वर. आजारी माणसाला खाली न्यायचं असतं आणि तिथून खाली जायला आधी वरच जावं लागतं. तिथल्या जवानांनी ऑक्सिजन दिला, त्यांचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही. पहाटे उजेड झाल्याबरोबर सिलेंडर लावलेल्या अवस्थेत त्यांना घेऊन मी बारालाचा उलटा ओलांडला, जिस्पाला 3200 मीटरवर पोचलो आणि दुपारपर्यंत ते चहा मागायला लागले. खाली आल्यावर इतकं लवकर बरं वाटतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कॅम्परचा धोका इंजिनात नाही, पलंगात आहे. हॉटेलात राहणारा माणूस गाव असेल तिथेच झोपतो, आणि गावं सहसा खाली, ओढ्याकाठी, झाडं उगवतात तिथे वसलेली असतात. आपल्याला मात्र अंधार पडायला लागला की कुठलंही सपाट मैदान आपलं वाटतं. तू किती किलोमीटर चाललीस, किती खिंडी ओलांडल्यास याने शरीराला तेवढा फरक पडत नाही, रात्री किती उंचीवर झोपलीस याने पडतो. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी जास्त काढायची, हा डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे आणि मी तो आता तुळशीला पाणी घालावं तसा पाळते. तू जिमला जातेस, पळतेस, त्याचा इथे उपयोग नाही, धडधाकट पोरंही आडवी होतात, उलट तीच जास्त घाई करतात. आपलं इंदूर साधारण 550 मीटरवर आहे, तिथून उठून तू अशा ठिकाणी चाललीस जिथे खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो.

म्हणून मनालीमार्गे चढूच नकोस, त्या रस्त्याने उतर. जाताना ग्वाल्हेर, दिल्ली, अंबाला, पठाणकोट, जम्मू करून श्रीनगर. तिथून सोनमर्गला 2700 च्या आसपास एक रात्र, मग झोजीला ओलांडून कारगिल, 2676 मीटर, म्हणजे खिंड ओलांडूनही झोपायला खालीच. पुढे फोटू ला 4108 मीटर, पण तो नुसता ओलांडायचा, आणि रात्र लामायुरूला किंवा थेट लेहला, दोन्ही 3500 च्या आसपास. कारगिलहून लेहला झोपायची उंची एकदम 800 मीटरने वाढते, म्हणून लेहला दोन पूर्ण दिवस गाडी हलवायची नाही, तेसुद्धा पहिल्या दिवशी चढावर उगीच फिरायला जायचं नाही. झोजीला कधी दरड, कधी पाऊस यासाठी बंद होतो, तेव्हा रस्त्याची चौकशी रोज सकाळी कर आणि दोन दिवस हातात जास्तीचे ठेव. लामायुरू उतरल्यावर खाल्सीजवळ सिंधू भेटेल. तिथे जरा थांब. 1758 मध्ये मराठी फौजा पार अटकेपर्यंत गेल्या, आपले होळकरही त्या मोहिमेत होते, ते अटक याच नदीवर आहे, फक्त खूप खाली. मी तिथे उतरून पाण्याला हात लावला होता.

लेहनंतर आधी नुब्रा खोरं कर. खारदुंग ला 5359 मीटर आहे पण तिथे फोटो काढून निघायचं, पलीकडे दिस्कित 3100 च्या आसपास आणि तुर्तुक त्याच्याही जरा खाली. म्हणजे गंमत बघ, तू ज्या टोकाच्या उत्तरेसाठी इतकी धडपडतेस ती लेहपेक्षा खाली आहे आणि तिथे जर्दाळूची झाडं आहेत. 1971 पर्यंत ते गाव पाकिस्तानकडे होतं. तिथे दोन रात्री राहा, लोक फार मायेने बोलतात, फक्त बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. मग मध्ये मुक्काम करत, त्याच 500 च्या नियमाने चढत पँगाँग तलाव 4250 आणि त्यानंतर हानले गाव 4300 च्या वर, तोपर्यंत शरीर तयार झालेलं असेल. उमलिंग ला तुझ्या मैत्रिणीला हवाच आहे म्हणालीस, 5798 मीटर, एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बेस कँपपेक्षाही उंच, तर हानलेला दोन रात्री नीट झोप लागली तरच जा आणि वर दहा मिनिटांच्या वर थांबू नका.

हानलेबद्दल अजून एक. तिथे टेकडीवर 4500 मीटरवर वेधशाळा आहे, 2 मीटर आरशाची दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोट्याहून चालवतात, आणि 2022 पासून तो भाग डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीचा अंधार मुद्दाम राखलेला भाग. तुझ्या केबिनला त्या मोठ्या खिडक्या आहेत आणि आत पांढऱ्या एलईडी पट्ट्या. जाड काळे पडदे शिवून घे, माझ्याकडे कापड आहे. रात्री बाहेर उजेड पडला तर दुर्बिणीचं नुकसान होतं आणि तुझंही, कारण तसं आकाश तुला परत दिसायचं नाही.

आता गाडी. काल फोनवर वर्कशॉपवाला म्हणत होता "भिया, सब उठा लेगी", तसं नसतं. आरसीवर ग्रॉस वेट, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, लिहिलेलं आहे, तेवढंच. पाण्याची टाकी भर, डिझेल फुल्ल, दोघी बसा, सामान, किराणा सगळं टाकून धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर जा, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घे, मग पूर्ण गाडी, म्हणजे मागच्या एक्सलवर किती येतंय ते कळेल. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे सगळे विसरतात. आणि फोटोत टाकी पार मागच्या दारापाशी दिसतेय, ती मागच्या एक्सलच्या पुढे सरकवून घे, नाहीतर पुढची चाकं हलकी होतील आणि घाटात स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागेल. कमानीचे पाटे वाढवले की सगळं झालं असं समजू नकोस, त्याने गाडी बसत नाही एवढंच, ब्रेक तेच राहतात. उतारावर ज्या गिअरमध्ये चढली असतीस त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर ते तापून धरेनासे होतात. केबिन धरणारे नटबोल्ट देवासपर्यंत जाऊन परत आवळ, आणि पुढे रोज सकाळी.

गाडीतल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची मंजुरी लागते, ती झाली नसेल तर निघू नकोस, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतात. सिम पोस्टपेड घे.

गॅसवर मात्र जास्त बोलणार आहे. सिलेंडर झोपायच्या जागेत नको, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेव आणि त्या कप्प्याला तळाशी भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. थंडीत आपला घरगुती गॅस नीट येत नाही, त्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, मग पोरं शेगडी आत घेतात, दारं लावतात आणि ऊब यावी म्हणून चालूच ठेवतात. असं कधीही, कधीही करायचं नाही. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी, मळमळ अगदी उंचीच्या त्रासासारखीच असते, म्हणून कळतही नाही. अलार्म घे, पलंगाच्या उंचीवर लाव, वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेव. थंडी वाजली तर अजून एक रजई घ्या. तुझी लिथियमची बॅटरीसुद्धा शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, ती केबिनच्या आतच असू दे.

खायचं सोपं आहे. लेहला पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं, वर हानलेकडे 85-86 ला, उघड्या पातेल्यात वरण शिजतच नाही, कुकर हवाच. पोह्यांना उकळी लागत नाही, धुऊन फोडणीला टाकले की झालं, आम्ही हानलेला सकाळी जिरावण मसाला आणि शेव घालून पोहे केले होते आणि शेजारच्या गाडीतली मंडळी ताटली घेऊन आली. शेवेची पाकिटं उंचीवर फुग्यासारखी फुगतात, डब्यात काढून ने. भूक नसली तरी थोडं खा, पाणी पीत राहा, दारू आणि झोपेची गोळी अजिबात नको. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांग.

आणि रोज रात्री एकमेकींना सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला लावा. ज्या क्षणी एक जण डगमगेल, बोलणं तुटेल, किंवा बसल्या जागी धाप लागेल, त्या क्षणी सकाळची वाट न बघता खाली. लेहला एसएनएम हॉस्पिटल आहे, तिथल्या लोकांना हे रोजचं आहे. "जरा पडते, बरं वाटेल" हे काकांनीही म्हटलं होतं.

कचऱ्याचं तुला सांगायला नको, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणाऱ्या गावची मुलगी आहेस, ओला-सुका तिथेही वेगळा ठेव आणि सुका लेहपर्यंत परत आण. भांड्यांचं साबणाचं पाणी पँगाँगच्या किंवा त्सो कर तलावाच्या काठावर ओतू नकोस, त्सो करला तर काळ्या मानेचे क्रौंच पिल्लं वाढवतात, गाडी काठापासून लांब लाव.

परतताना हानलेहून त्सो करवरून मोरे मैदानात निघशील तेव्हा लेहजवळच्या कारूला भरलेलं डिझेल बरंच संपलेलं असेल, दोन कॅन सोबत हवेतच. टांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असा बोर्ड वर्षानुवर्षं होता, आणि तू तर कारूहून पँगाँग-हानलेचा वळसा घालून येशील, म्हणजे अंतर त्याहून जास्तच. झिंगझिंगबारकडचे नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात, त्याआधी ओलांडता यावेत म्हणून पहाटेच निघ. सर्चूला थांब, चहा घे, मैदान डोळे भरून बघ, आणि जिस्पाला येऊन झोप.

एका वहीत तारीख, मुक्काम आणि उंची असे तीन रकाने आखून मला नवीन प्लॅन दाखव. कुकरची रिंग मी नवीन टाकून ठेवली आहे, रविवारी सकाळी घ्यायला ये, पोहे करते. गाडी भरूनच आण, खाऊन झालं की आपण दोघी धर्मकाट्यावर जाऊ.

तुझी,
काकू