जाळी कशाची, कशासाठी, हे आधी विचारा

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ४८. धायरीत राहते, घरी ब्लाउज शिवते. डाव्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला. स्तन पूर्ण काढायचा आहे. सर्जन म्हणाले, त्याच वेळी इम्प्लांट (आत ठेवायचा कृत्रिम स्तन) बसवू आणि आतून जाळी लावू, म्हणजे ते जागेवर राहील. माझ्या नणंदेच्या हर्नियाच्या जाळीत पू झाला होता, ती शेवटी काढावी लागली. तेव्हापासून मला जाळी म्हटलं की धडकी भरते. मिस्टर म्हणतात, डॉक्टर सांगतील तसं करू. जाळी लावावीच लागते का? मला डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत. आणि खरं सांगते, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, मिश्रीचं लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी ते सांगत नाहीत. सिगारेट-तंबाखू घेता का विचारलं, की ‘छे हो’ म्हणतात, कारण मिश्रीला कुणी तंबाखू समजतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. तुमच्या ऑपरेशनमध्ये सगळी भिस्त या बारीक रक्तवाहिन्यांवरच आहे. म्हणून मिश्री आजच बंद करा आणि सर्जनना तसं स्पष्ट सांगा. आम्ही साधारण चार आठवडे आधीपासून आणि नंतर जखम भरेपर्यंत ती बंद ठेवायला सांगतो. कॅन्सरचं ऑपरेशन त्यासाठी लांबवायचं नसतं. गरज पडली तर आधी स्तन काढण्याचं ऑपरेशन आणि पुनर्रचना, म्हणजे स्तन पुन्हा घडवणं, नंतर, असंही करता येतं. एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) केलेलं नसेल तर तेही करून घ्या.

आता जाळी, म्हणजे आम्ही जिला मेश म्हणतो ती. स्तन काढल्यावर मागे राहते ती वरची त्वचा आणि तिच्या आतला चरबीचा पातळ थर. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली ठेवलं, तर स्नायू त्याचा वरचा भाग झाकतो. खालची आणि काखेकडची बाजू उघडी राहते. स्नायूच्या कडेपासून स्तनाखालच्या घडीपर्यंत मेश शिवून ती बाजू झाकतात, म्हणजे इम्प्लांटला झोळीसारखा आधार मिळतो. हल्ली बऱ्याचदा इम्प्लांट स्नायूच्या वर, थेट त्वचेखाली ठेवतात. तेव्हा मेश त्याच्या पुढून गुंडाळतात. फायदा खरा आहे : इम्प्लांट खाली किंवा बाजूला सरकत नाही, खालची घडी नीट दिसते, आणि कधी कधी एक्स्पांडरचा (त्वचा हळूहळू ताणणाऱ्या तात्पुरत्या पिशवीचा) मधला टप्पा वाचून एकाच ऑपरेशनमध्ये काम होतं. पण ‘लावावीच लागते’ असं नाही. स्नायूनेच पूर्ण झाकून, आधी एक्स्पांडर ठेवून, मेशशिवायही पुनर्रचना होते.

ऑपरेशन टेबलावर मी काय बघते ते सांगते, म्हणजे तुमच्या भीतीला नेमकं उत्तर मिळेल. स्तन काढून झाला की मी त्वचेची कड बोटाने दाबते. पांढरी पडलेली जागा पुन्हा लाल किती वेळात होते, कडेचं रक्त लालभडक आहे की काळपट, हे बघते. शंका आली तर इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देऊन कॅमेऱ्यावर रक्तपुरवठा तपासतात. त्वचा निळसर दिसली तर त्या दिवशी इम्प्लांटही नाही आणि मेशही नाही. वरची त्वचा मेली की मेश उघडी पडते, तिथे जंतू शिरतात आणि मग इम्प्लांटसकट सगळं काढावं लागतं. त्वचा चांगली असेल तर मेश सलाइनमध्ये धुतो, हातमोजे बदलतो आणि मगच हात लावतो. नंतर आत पाणी साचू नये म्हणून ड्रेन, म्हणजे ते बाहेर काढणारी नळी, असतो. तो घाईने काढायचा नसतो.

नणंदबाईंची जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, म्हणजे शरीरात कायम राहणारी असणार. स्तनात वापरतात त्या मेश तऱ्हेतऱ्हेच्या असतात. काही दान केलेल्या मानवी त्वचेपासून, काही डुकराच्या किंवा गाईगुरांच्या त्वचेपासून, पेशी काढून टाकून बनवतात. काही कृत्रिम आणि विरघळणाऱ्या : पी४एचबी या द्रव्याची मेश साधारण दीड-दोन वर्षांत विरघळते, टाक्यांच्या विरघळणाऱ्या धाग्याची काही आठवड्यांतच ताकद सोडते. टायटॅनियमचा लेप दिलेली पॉलिप्रॉपिलीनचीही येते आणि ती कायम राहते. मेश कशापासून बनली आहे हे पेशंटला आधी सांगायलाच हवं, असं मी ठामपणे मानते. शाकाहारी घरातल्या बाईला किंवा मुस्लिम भगिनीला ते ऑपरेशननंतर कळावं, हे मला अजिबात मान्य नाही.

जंतुसंसर्ग, पाणी साचणं, त्वचा लाल होणं हे धोके मेशमध्येही आहेत, आणि सगळ्या मेश सारख्या नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२१ मध्ये त्वचेपासून बनवलेल्या मेशबद्दल इशारा दिला. दोन वर्षांच्या पाहणीत काही उत्पादनांमध्ये संसर्ग, पुन्हा ऑपरेशन आणि इम्प्लांट काढावं लागणं यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं होतं. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी म्हणून अशा एकाही मेशला मंजुरी दिलेली नाही, हेही तेव्हा सांगितलं गेलं. सर्जन त्या आपल्या निर्णयाने वापरतात. तो निर्णय चुकीचा असतो असं मी म्हणत नाही, मी स्वतः निवडक पेशंटमध्ये वापरते. पण त्यामागचं कारण तुम्हाला कळलं पाहिजे.

सर्जनना विचारा : नंतर रेडिएशन लागण्याची शक्यता किती? हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. रेडिएशनने, शरीर इम्प्लांटभोवती जे आवरण तयार करतं ते आवळून घट्ट होण्याचा आणि संसर्गाचा धोका वाढतो. शक्यता जास्त असेल तर पोटाच्या किंवा पाठीच्या स्वतःच्या उतींतून स्तन करण्याचा विचार जरूर करा. ऑपरेशन मोठं असतं, बरं व्हायला वेळ लागतो, पण मेश-इम्प्लांटचा प्रश्न बराचसा मिटतो. आणि काहीच न करता ब्राच्या कप्प्यात बाहेरून प्रोस्थेसिस (कृत्रिम स्तन) घालणं हाही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. तुम्ही शिवणकाम करता, कप्पा तर तुमचा तुम्हीच शिवाल.

खर्चाचं : कॉस्मेटिक सर्जरी विम्यातून वगळलेली असते, पण कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यात येत नाही, असं प्रमाणित कलमातच आहे. तरी मेशचं नाव आणि किंमत अंदाजपत्रकात वेगळी लिहून घ्या आणि कॅशलेसच्या अर्जासोबत पाठवा. मिस्टरांना पुढच्या भेटीला बरोबर न्या, दोघांनी मिळून ऐका.

प्रश्न : वय ३४, वाकड. दोन बाळंतपणांनंतर स्तन ओघळले आहेत. लिफ्ट (स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया) आणि इम्प्लांट करायचं आहे. ‘इंटर्नल ब्रा’ घातली की पुन्हा कधीच ओघळणार नाहीत, असं एका ठिकाणी सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. ‘कधीच’ हा शब्द ऐकलात तिथेच उठून यायला हवं होतं. इंटर्नल ब्रा म्हणजे वर सांगितलेली मेशच, बहुतेकदा विरघळणारी. ती जाते तेव्हा जागी तुमच्याच उतींचा थर राहतो. काही जणींना त्याने चांगला आधार मिळतो, पण वजन, वय आणि पुढचं गरोदरपण यांना ती रोखत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत मेशची सुरक्षितता आणि उपयोग आपण ठरवलेला नाही, असं एफडीएने २०२३ मध्येही डॉक्टरांना कळवलं. ओघळू नये यासाठी सगळ्यात जास्त काम करतं ते लहान, हलकं इम्प्लांट. तुमचं मुख्य दुखणं ओघळण्याचं असेल, तर नुसती लिफ्टही पुरेशी असू शकते.

इम्प्लांटही आयुष्यभराचं नसतं. सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, हा खर्च आजच धरा. सर्जन एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहेत ना, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत पाहा. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांट आणि मेश दोन्हींचे लॉट नंबर असलेले स्टिकर मागून फाइलला लावा.