सेलीनसारख्या ज्यूद्वेष्ट्या फ्रेंच लेखकाला थोर का म्हणतात? त्याचं वाचावं का?

वाचावं, पण त्याच्या वतीने सबबी देत बसू नये.

लुई-फर्दिनां सेलीन हे टोपणनाव, आजीच्या नावावरून घेतलेलं. खरा माणूस डॉक्टर देतूश. १९१४ मध्ये आघाडीवर जखमी झाला, शौर्यपदक मिळालं. पुढे पॅरिसच्या गरीब वस्त्यांत रुग्ण तपासायचा. वैद्यकीचा प्रबंध लिहिला तो सेमेलवाइसवर, म्हणजे 'हात धुवा, बाळंतिणी वाचतील' असं कानीकपाळी ओरडणाऱ्या डॉक्टरवर.

१९३२ साली त्याची 'रात्रीच्या टोकापर्यंतचा प्रवास' ही कादंबरी आली आणि फ्रेंच गद्याची इस्त्री मोडली. युद्ध, आफ्रिकेतली वसाहत, डेट्रॉइटचा कारखाना, दवाखान्यातली गरिबी, सगळं रस्त्यावरच्या बोलीत, शिव्यांसकट. फ्रान्सचा मानाचा गाँकूर साहित्य पुरस्कार थोडक्यात हुकला, रनोदो हा दुसरा पुरस्कार मिळाला. डाव्यांना तर हा आपलाच माणूस वाटला होता! १९३६ च्या दुसऱ्या कादंबरीत वाक्यं आणखी तुटली, तीन टिंबांवर धापा टाकत पळू लागली. मी या दोन्ही इंग्रजी अनुवादातून वाचल्या. तिथेही तो दम लागल्यासारखा वेग जाणवतो.

मग १९३७ ते १९४१ मध्ये तीन पुस्तिका, ज्यूंविरुद्ध उघड विष. 'त्या काळी सगळेच तसे होते' ही सबब मला पटत नाही. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, ज्यूंची धरपकड चालू असताना, हा जर्मनांच्या बाजूच्या वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत होता. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की त्या पुस्तिकांतही हत्यार तेच आहे: तीच बोली, तोच वेग, तोच काळा विनोद. म्हणूनच 'लेखक वेगळा, माणूस वेगळा' ही वाटणी इथे टिकत नाही.

१९४४ मध्ये बायको आणि बेबेर नावाचं मांजर घेऊन जर्मनीत पळाला, तिथून डेन्मार्कला. कोपनहेगनात तुरुंगवास झाला. १९५० मध्ये फ्रान्सने गैरहजेरीत एक वर्षाची शिक्षा ठोठावली, पण पुढच्याच वर्षी जखमी माजी सैनिक म्हणून माफी मिळाली. १९६१ मध्ये मेला. पश्चात्ताप? कुठे दिसत नाही.

भांडण अजून मिटलेलं नाही. २०११ मध्ये सरकारने राष्ट्रीय स्मरणाच्या यादीतून त्याचं नाव काढलं. २०१८ मध्ये गालिमार या प्रकाशनाने त्या ज्यूविरोधी पुस्तिका पुन्हा छापण्याचा बेत थांबवला. उलट १९४४ मध्ये गायब झालेली हस्तलिखितं २०२१ मध्ये उजेडात आल्यावर त्यातल्या 'युद्ध' या कादंबरीवर वाचकांच्या उड्या पडल्या.

सुरुवात १९३२ च्या कादंबरीपासून करा. पन्नासेक पानांत कळेल झेपतं का ते.